मादामच्या बागेतल्या माझ्या चार ओळी

आमच्या घरात द्राक्षं विकत आणायची जवळजवळ बंदीच होती. तसा नियम कुणी केला नव्हता, पण आणली की आप्पा एक घड उचलायचे, देठ नखानं खरवडून बघायचे, आणि मग ही तोडून किती दिवस झाले, शीतगृहात किती पडून होती, मणी फुगवताना कुणी घाई केली, हे सगळं जेवण संपेपर्यंत ऐकावं लागायचं. आई नर्स होती. ती म्हणायची, अहो, खायची आहेत की पोस्टमॉर्टेम करायचंय? शेवटी तिनं वैतागून सफरचंदं आणायला सुरुवात केली. सफरचंदातलं आप्पांना काही कळत नव्हतं, त्यामुळे ती आम्हाला शांतपणे खाता यायची.

आप्पा तासगावकडचे. आईला इंग्लंडमधल्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली तेव्हा ते तिघा भावांची बाग सोडून तिच्यामागं आले, मला कडेवर घेऊन. बायकोच्या मागं गेला म्हणून गावात जे काय बोलायचं ते लोक बोलले. लंडनजवळ हॅरोमध्ये आमचं घर रेल्वेलाइनला लागून होतं. मेट्रोपॉलिटन लाइनची गाडी गेली की कपाटातले स्टीलचे डबे एकमेकांवर वाजायचे, आणि कुकरची शिट्टी नेमकी त्याच वेळी झाली तर शिट्ट्या किती झाल्या यावरून आईचं आणि आप्पांचं भांडण. आप्पा एका मोठ्या किराणा दुकानात फळं आणि भाज्या लावायचं काम करायचे. हिरवा कोट घालून, खोके फोडून, लोकांनी चिवडलेले घड पुन्हा नीट मांडून ठेवायचे. वीस वर्षं केलं त्यांनी ते, आणि तक्रार केली नाही. तक्रार केली असती तर बरं झालं असतं असं मला आता वाटतं. ते नुसते घुसमटत राहायचे आणि ती घुसमट आमच्या डोक्यावर काढायचे.

रविवारी सकाळी गावाकडं फोन. फोन म्हणजे आप्पांनी एवढ्या मोठ्यानं बोलायचं, की शेजारची मिसेस बेकर भिंतीवर ठोकायची. खरड छाटणी झाली का, किती डोळे ठेवले, पाणी कधी तोडलं, विरळणीला बायका मिळाल्या का. पहिली काही वर्षं धाकटे काका नीट उत्तरं द्यायचे. मग ते "करतोय न्हवं आमी" म्हणायला लागले. मग काकू फोन उचलून ते रानात गेलेत म्हणायला लागल्या, आणि मागून काकांचा खोकला ऐकू यायचा. आप्पा फोन ठेवून परसात जायचे. परसात एक वेल होती, त्यांनीच लावलेली. वीस फूट वाढलेली, आणि उन्हाच्या अभावी कधी धड न पिकलेली. तिच्याशी ते अर्धा तास काहीतरी करत बसायचे. एकेकाळी अख्ख्या पंचक्रोशीत गर्डलिंगला आप्पांनाच बोलवायचे. मणी धरला की खोडावरची साल काडेपेटीतल्या काडीएवढ्या रुंदीची, गोल बांगडीसारखी काढून घ्यायची. पानांनी तयार केलेलं अन्न मग मुळांकडं जात नाही, वरच राहतं आणि मणी फुगतो. सुरी केसभर खोल गेली तर वेल जाते. ज्या माणसाच्या हाताला लोकांनी आपल्या बागा सोपवल्या, त्याला इंग्लंडमध्ये वीस वर्षांत कुणी द्राक्षाविषयी एक प्रश्नही विचारला नव्हता.

मी द्राक्षाच्या वाटेला गेले ती आप्पांमुळं, असं नातेवाईक कौतुकानं सांगतात. मी त्यांना दुरुस्त करत नाही. खरं म्हणजे मी आप्पांपासून लांब पळायला तिकडं गेले. कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतलं, आणि दुसऱ्या वर्षी कळलं की वाइनची द्राक्षं ही वेगळीच दुनिया आहे. तिथं मणी जेवढा बारका तेवढा चांगला, बिया हव्यात, साल जाड हवी. थोडक्यात, आप्पांना ज्यातलं ओ की ठो कळत नाही अशी द्राक्षं जगात होती. मला एवढा आनंद कशाचाच झाला नव्हता.

केंटमध्ये तेव्हा एका जुन्या फ्रेंच घराण्यानं डोंगराचा एक उतार घेतला होता. आता सुपरमार्केटच्या फळ्या इंग्लिश वाइननं भरलेल्या दिसतात, माझ्या नातीला त्यात काही नवल वाटत नाही, पण तेव्हा हे ऐकून लोक हसायचे. घराण्याचा मूळ मळा फ्रान्सात शॅम्पेनकडं, सात पिढ्यांचा. बाहेरचा भागीदार कधी घेतला नाही. केंटचा उतार बघायला घरातली एक विधवा सून होती, तिला सगळे मादाम म्हणत. साठीची, उंच, पायांत कायम चिखलाचे बूट. दर पंधरा दिवसांनी फेरीबोटीनं समुद्र ओलांडून यायची. ऑफिस म्हणजे एक शेड होती. तिच्या भिंतीवर मूळ मळ्याचा हातानं काढलेला नकाशा होता आणि त्यावर प्रत्येक तुकड्याचं नाव. विहिरीचा तुकडा, आंधळ्या आत्याचा तुकडा, पाद्र्याला न दिलेला तुकडा. त्या मूळ मळ्याखाली चुनखडीत खोदलेलं तळघर, त्यात हजारो बाटल्या आडव्या. तीच पांढरी चुनखडी समुद्राखालून येऊन केंटमध्ये वर निघते, असं मादाम सांगायची, आणि बूट आपटून दाखवायची.

त्यांच्या घरात एक पद्धत होती. कामाला येणारा कुणीही असो, घरचा मुलगा असला तरी, त्याला चार ओळी दिल्या जायच्या. छाटणीपासून तोडणीपर्यंत त्या ओळी त्याच्या एकट्याच्या. तोडल्यावर त्यांचा रस वेगळ्या लहान पिंपात ठेवायचा. जानेवारीत घराण्यातले म्हातारे काका समुद्र ओलांडून यायचे, प्रत्येकाचं पिंप चाखायचे आणि एकाकडं बोट दाखवायचे. तो माणूस दोन वर्षं मूळ मळ्यावर शिकायला जायचा. माझ्या पदवीचं शेवटचं वर्ष प्रत्यक्ष कामाचं होतं, त्यासाठी मी तिथं लागले. मला ते बोट हवं होतं. दुसरं काहीच नको होतं मला त्या वर्षी. मुकादम कॉलिन माणूस कमी बोलणारा. त्यानं मार्चमध्येच मला बाजूला घेऊन सांगितलं, की या वर्षीच्या चौघांत तुझा हात सगळ्यात साफ आहे. ते मी कुणाला सांगितलं नाही, आईलासुद्धा.

मी बागेजवळच एका जुन्या कॅरॅव्हॅनमध्ये राहायचे. रविवारी आई-आप्पा गाडीनं यायचे. आई भाकऱ्या, झुणका, शेंगदाण्याची चटणी आणि काकांनी पाठवलेले बेदाणे असं सगळं फडक्यात बांधून आणायची. आप्पा गाडीतून उतरले की जेवायला न बसता थेट ओळींत शिरायचे. ओळी एवढ्या जवळ कशाला, वेली एवढ्या बुटक्या कशाला, काड्या एवढ्या कमी कशाला. मागच्या वर्षीच्या घडाचा फोटो मी दाखवला तर म्हणाले, मिऱ्याएवढा मणी ह्यो, ह्याला द्राक्ष म्हनत्यात? मी दर रविवारी तेच सांगायचे. आप्पा, हे वाइनचे ग्रेप्स आहेत, टेबलचे नाही. लहानच पाहिजे. ते मान डोलवायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा तोच प्रश्न. माझा स्वभाव आधीच तापट. जेवताना मी त्यांच्याकडं पाठ करून बसायला लागले, आणि आई मधल्यामध्ये दोघांना वाढत राहायची.

जुलैच्या सुरुवातीला फुलोरा संपून मणी धरले, आणि नेमकं त्याच वेळी मला सहा दिवस कॉलेजात जाणं भाग पडलं. शेवटची तोंडी परीक्षा होती, ती चुकली असती तर पदवी गेली असती. पद्धतीप्रमाणे ओळींना दुसऱ्यानं हात लावायचा नाही, फक्त घरचं माणूस चालतं. आप्पांना कळल्यावर त्यांनी दुकानातून रजा टाकली. मादामनं परवानगी दिली, आमच्याकडंही बाप येतोच मदतीला, असं म्हणाली. मी आप्पांना कामाची यादी दिली. गवत काढा, शेंडे तारेत अडकवा, बाकी काही करू नका. त्यांनी यादी घडी करून खिशात ठेवली. एवढी साधी यादी, एवढा अनुभवी माणूस, मी निश्चिंत होऊन गेले. त्या निश्चिंतीचा मला आजही राग येतो.

परत आले तेव्हा आप्पा ओळीच्या तोंडाशी उभे होते. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा, थर्मासमधला चहा माझ्यासाठी कपात काढून ठेवलेला. गवत एक काडी नव्हतं. शेंडे तारेत असे अडकवलेले, की कॉलिननं इतरांना आणून दाखवले म्हणे. मग आप्पांनी मला हाताला धरून पहिल्या वेलीजवळ नेलं आणि खाली बसायला सांगितलं. खोडावर, जमिनीपासून वीतभर, पांढरी गोल बांगडी. दुसऱ्या वेलीवर तशीच. तिसऱ्या. मी ओळीभर चालत गेले. एकाही ठिकाणी लाकडाला खरचटलं नव्हतं. एवढं सुंदर काम मी त्यानंतर कधी पाहिलेलं नाही. आमच्या चार ओळींत दोनशे चाळीस वेली होत्या. त्या थंड मातीत मुळांना मिळेल तेवढं अन्न हवं असताना आप्पांनी ते वर अडवलं होतं, कशासाठी, तर मणी फुगावा म्हणून. म्हणजे रस पातळ व्हावा म्हणून.

"तुम्ही माझा परमिशन घेतला नाही," मी म्हणाले. इंग्रजीत भांडले असते तर बरं झालं असतं, पण आप्पांशी भांडायला मला मराठीच लागायचं आणि ते माझ्याजवळ तेव्हा अर्धंमुर्धंच होतं.

"परमिशन कशाला? चार आठवड्यांनी बघ. बाई स्वतः येऊन इचारतील, कुनी केलं म्हून."

बाईंनी चार आठवडे वाट बघितली नाही. त्या दिवशी दुपारीच मादाम आली. खाली वाकली, चष्मा कपाळावर सरकवला, बोट त्या बांगडीवरून फिरवलं. मग दुसऱ्या वेलीकडं, मग तिसऱ्या ओळीत. कॉलिन मागं उभा होता, त्याचं तोंड पडलेलं. त्यांच्या बागेत वेलीला पानं असताना खोडाला सुरी लावायची नाही, हे पहिल्या दिवशीच सांगितलेलं असतं. मादाम परत आली ती माझ्यासमोर नाही, आप्पांसमोर थांबली. हे तुम्ही केलं का, असं तिनं सावकाश इंग्रजीत विचारलं. आप्पांनी हो म्हणून मान हलवली. मग ती माझ्याकडं वळून म्हणाली, त्यांना विचार, का केलं.

आप्पांना प्रश्न कळला होता. त्यांनी टोपी काढली आणि बोलायला लागले, मराठीत, कारण एवढं सगळं सांगण्याएवढं इंग्रजी त्यांच्याकडं नव्हतं. पानातलं अन्न कुठल्या वाटेनं खाली जातं, ती वाट तीन-चार आठवडे बंद राहते आणि मग जखम आपोआप भरून येते. इथल्या मुळांचा जोर त्यांनी एक खड्डा खणून बघितला होता, तो चांगला आहे, म्हणून धीर केला. सुरी प्रत्येक वेलीनंतर पुसली. आणि दर दहावी वेल मुद्दाम तशीच ठेवलीय, सुरी न लावता, म्हणजे बाईंना शेजारी-शेजारी बघून स्वतः ठरवता येईल. सांगताना त्यांचे हात हलत होते. त्यांचा एवढा मोकळा आवाज मी हॅरोच्या घरात कधीही ऐकला नव्हता. पाच मिनिटं तरी बोलले असतील. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "सांग त्यास्नी."

मी रागानं आंधळी झाले होते. मला वाटत होतं, या माणसानं आधी मला इथं आणलं आणि आता मी स्वतःच्या हिमतीवर जिथं पोचले तिथंही माझ्या मागं सुरी घेऊन आला. आणि भीतीही होती, हे आता कबूल करते. आप्पांचं सगळं बोलणं सांगितलं तर ते मूर्ख वाटतील, आणि त्यांच्याबरोबर मीही. मी मादामकडं वळून इंग्रजीत म्हणाले, "ते सॉरी म्हणताहेत."

मादामनं आप्पांकडं पाहिलं. आप्पांना तेवढं इंग्रजी येत होतं. ते मराठीत, हळू आवाजात म्हणाले, "मी सॉरी म्हनलो न्हाई." मग टोपी घातली आणि गाडीकडं गेले. मादामनं मला विचारलं, आता काय म्हणाले? मी म्हटलं, काही नाही. तिनं कॉलिनला फक्त एवढंच सांगितलं, की जखमांवर फडकी बांध, माती उडायला नको.

त्यानंतरचे तीन महिने मी कसे काढले ते मलाच माहीत. रोज सकाळी आधी जखमा बघायच्या. त्या भरल्या, आप्पा म्हणाले होते अगदी तेवढ्याच दिवसांत. एकही वेल गेली नाही. मणी फुगले, शेजारच्या ओळींपेक्षा सरळ दीडपट. कॉलिननं एकदा मणी तोंडात टाकला, खांदे उडवले आणि म्हणाला, खायला झकास आहे. मी तेव्हाही आशा सोडली नव्हती. मादामच्या घरच्या काकांची जीभ म्हातारी आहे, या वर्षी ऊन चांगलं पडलंय, माझ्या छाटणीचे मार्क वेगळे मिळतील, असलं काहीबाही मनाशी धरून मी घड मोजत बसायचे. आप्पा रविवारी यायचे, पण ओळींत शिरायचे नाहीत. गाडीत बसून राहायचे. आई म्हणाली, तू त्यांना एकदा हाक मार. मी म्हटलं, मारते, आणि मारली नाही.

ऑक्टोबरात तोडणी झाली. तोडणीला सगळ्यांच्या घरची माणसं येतात, त्यामुळं आईही वाकून तोडत होती आणि आप्पा क्रेट उचलून देत होते. दुपारी शेडमध्ये लांब टेबल मांडलं. ब्रेड, चीज, त्यांचा मटणाचा रस्सा, आणि मध्येच आईचा झुणका. मादामनं तो दोनदा घेतला. जेवणानंतर तिनं मला ऑफिसात बोलावलं, नकाशाखालच्या खुर्चीवर बसवलं आणि आडवळण न घेता सांगितलं, की जानेवारीपर्यंत वाट बघू नकोस, तुझं पिंप काकांसमोर ठेवणार नाही. मी म्हटलं, जखमा भरल्यात, वेलींचं नुकसान झालेलं नाही. ती म्हणाली, वेलींचं मला माहीत आहे.

मग तिनं विचारलं, "दर दहावी वेल सोडलेली आहे. मी चालत मोजलं. मला आधी वाटलं, विसरला असेल. पण दर दहावी कुणी विसरत नाही. त्या दिवशी तो मला हेच सांगत होता का?"

मी हो म्हटलं.

"त्यानं चूक केली. चांगला हात आहे, चुकीच्या बागेत चालला. आमच्या सासऱ्यांनी याहून मोठ्या चुका केल्यात. पण मी त्याला वेलीबद्दल विचारलं, तो पाच मिनिटं बोलला, आणि तू मला त्यातला एकच शब्द सांगितलास, तोही त्याचा नव्हता. आमच्याकडं सात पिढ्या एकमेकांना जे सांगतात त्यावर मळा चालतो, मुली. जे ऐकलं ते जसंच्या तसं पोचवता येत नसेल, तर मी तुला तिथं कशी पाठवू?"

बाहेर क्रेट धुण्याचा आवाज येत होता. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो मला अजिबात नको होता.

परतीला मी मागच्या सीटवर बसले. आप्पा गाडी चालवत होते, आई पुढं. गाडी मोटरवेला लागली. मग आप्पांनी आरशातून बघत विचारलं, काय म्हनल्या बाई? माझ्या अंगाला रसाचा वास येत होता, हात चिकट होते, आणि मला तो दिवस कुणाच्या तरी माथी मारायचा होता.

"नाही म्हणाल्या. तुमच्या कटिंगमुळं."

आईनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. आप्पांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. मग विचारलं, "एकबी वेल मेली न्हाई न्हवं?"

"नाही."

"मग झालं," ते म्हणाले. पुढं दोन-तीन मैल गेल्यावर पुन्हा बोलले, "तुझं मात्र वाटोळं झालं माझ्यापायी."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. पुढं मला ससेक्समध्ये दुसऱ्या बागेत काम मिळालं, लग्न झालं, मुलं झाली, माझं काही वाटोळं झालं नाही. माझं मराठीही सुधारलं, आता हे एवढं लिहिण्याइतकं. आप्पा त्यानंतर बावीस वर्षं जगले. दर रविवारी माझ्याकडं जेवायला यायचे, माझ्या समोरच्या खुर्चीवर बसायचे. बाईंना आप्पांच्या सुरीचा राग आला नव्हता, त्यांना आप्पांचं उत्तर ऐकायचं होतं आणि ते मी पोचू दिलं नाही, हे त्यांतल्या एकाही रविवारी मी त्यांना सांगितलं नाही.